पाठीवरचा नंबर

रोहित शर्माचा चेहरा सव्वा इंचाच्या बाहुलीवर उतरवता येत नाही. डोळे म्हणजे दोन ठिपके, दाढी म्हणजे एक करडा फराटा. एवढ्यावरून बोरिवलीचा रोहित कोण आणि चेंबूरचा सूर्यकुमार कोण, हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता यायचं नाही. पण निळ्या पाठीवर ४५ काढला की शेंबडं पोरही नाव घेतं. ६३ काढला तर साचा तोच, निळा रंग तोच, आणि माणूस मात्र दुसरा.

टेबलावर मांडून खेळायच्या खेळातले खेळाडू रंगवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच बूट, मोजे, केस उरकून झाले तरी पाठीवरचा नंबर ते शेवटपर्यंत राखून ठेवतात. बाकी सगळी रंगरंगोटी असते. ओळख तेवढी नंबराने पटते. तो नंबर तिथवर कुठून कुठून आला, याचा हा मागोवा.

छोट्या आकृतीला खुणेवरून ओळखायची सवय आपल्याला फार जुनी आहे. देव्हाऱ्यातले टाक आठवा. चांदीच्या दीड-दोन इंची पत्र्यावर उठवलेला कुळाचा देव. पिढ्यान् पिढ्या घासून, दह्या-चिंचेने उजळून त्याचं नाक-डोळं कधीच पुसलेलं असतं. तरी घोडा दिसला की खंडोबा. मूर्तिशास्त्रात देव ओळखायचा तो आयुधांवरून आणि वाहनावरून, चेहऱ्यावरून नाही. शंख-चक्र हातात असलं की विष्णू, मग मूर्तिकाराने गाल कसेही घडवोत. दिवाळीच्या किल्ल्यावरही तेच चालतं. मुलुंड-भांडुपच्या सोसायट्यांत जिन्याखाली उभ्या राहणाऱ्या किल्ल्यांवरचे मावळे एकाच साच्यातले असतात. महाराज ओळखायचे ते सिंहासनावरून. खेळाडूच्या अंगावर आयुध नसतं, त्याच्या पाठीवर नंबर असतो.

आणि खेळायच्या वस्तूवर हाताने नंबर रंगवण्याची महाराष्ट्रातली सगळ्यात देखणी परंपरा थेट सावंतवाडीची आहे. दशावतारी गंजिफा. १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं. त्यातली दोन राजा आणि प्रधान यांची, उरलेली दहा एक्क्यापासून दश्शीपर्यंतची. गंमत आहे ती या दहा पानांत, कारण त्यांच्यावर अंक लिहिलेला नसतो. मत्स्याच्या सातव्या पानावर सात मासे, कूर्माच्या आठव्यावर आठ कासवं. म्हणजे चिताऱ्याला नंबर काढायचा तर तेवढ्या आकृत्या एका छोट्या गोलात, सारख्या अंतरावर, एकसारख्या मापाच्या बसवाव्या लागत. खेळणाऱ्याने पानं हातात पंख्यासारखी धरली तरी नजरेच्या एका फटकाऱ्यात मोजणी कळली पाहिजे. नववं पान दहावं वाटलं तर डाव फुकट. नीटनेटकेपणा तिथे शोभेसाठी नव्हता, खेळाची ती गरजच होती. ही कला मोडीत निघाली होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून ती पुन्हा उभी केली. आज राजवाड्यात गेलात तर दरबारात पानं रंगवणारे हात बघायला मिळतात. मुंबईच्या उपनगरांतली कितीतरी घरं मूळची त्या मुलखातली आहेत. गणपतीला गावी जाता तेव्हा अर्धा दिवस काढून ते जरूर पाहा.

गंजिफातला नंबर हाताच्या अंतरावरून वाचायचा. पाठीवरचा नंबर जन्माला आला तो याच्या अगदी उलट गरजेतून, लांबून बघणाऱ्यासाठी. खेळाडूला स्वतःची पाठ दिसत नाही. सोबतचे खेळाडू त्याला चालीवरूनही ओळखतात. अडचण होती ती वरच्या पायरीवर बसलेल्या प्रेक्षकाची आणि वार्ताहराची. इंग्लंडमध्ये २५ ऑगस्ट १९२८ या एकाच दिवशी दोन फुटबॉल सामन्यांत नंबर घातले गेले: आर्सेनल खेळत होतं शेफील्ड वेन्सडेशी आणि चेल्सी स्वान्सीशी. पुढच्या वर्षी अमेरिकेत न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने फलंदाजीच्या क्रमानेच नंबर वाटले. तिसरा येणारा बेब रूथ ३, चौथा लू गेरिग ४. म्हणजे सुरुवातीला नंबर माणसाचा नव्हताच. तो जागेचा होता. माणूस बदलला की नंबर दुसऱ्याच्या अंगावर चढायचा, ऑफिसातल्या खुर्चीसारखा.

१९३३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात तर एव्हर्टनला १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीला १२ ते २२ असे सलग नंबर दिले होते. इंग्लिश लीगने नंबर सक्तीचे केले ते १९३९ मध्ये. विश्वचषकात ते १९५० साली आले, ज्या विश्वचषकासाठी भारत पात्र ठरला होता आणि गेला नाही. १९५४ पासून प्रत्येक खेळाडूला अख्ख्या स्पर्धेपुरता एकच नंबर मिळू लागला, आणि इथे नंबर पहिल्यांदा जागेवरून उठून माणसाला चिकटला. १९५८ मध्ये ब्राझीलच्या नंबरांची अशी काही सरमिसळ झाली की गोलरक्षक जिल्मार ३ नंबर घालून खेळला, आणि सतरा वर्षांच्या पेलेच्या वाट्याला १० आला. दहा नंबराभोवतीचं सगळं वलय त्या सरमिसळीतून सुरू झालं. अर्जेंटिनाने १९७८ मध्ये सरळ आडनावांच्या अक्षरक्रमाने नंबर वाटले. गोलरक्षक फिलोल ५ नंबर घालून विश्वविजेता झाला.

क्रिकेटला हे सगळं फार उशिरा सुचलं. पांढऱ्या कपड्यांवर नंबर कशाला, असा तो थाट होता. स्कोअरर फलंदाजाला टोपीवरून, उभं राहण्याच्या ढबीवरून, हातातल्या बॅटच्या कोनावरून ओळखायचा, आणि मैदानाच्या कडेला बसणारे जुनेजाणतेही तसंच. १९९२ च्या विश्वचषकात रंगीत कपडे आले, पाठीवर नावं आली, नंबर नाही. विश्वचषकात नंबर आले ते १९९९ मध्ये. प्रत्येक संघातल्या पंधरा जणांना १ ते १५, त्यातला १ बहुतेक कर्णधारांना. वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेल्या सचिन तेंडुलकरच्या पाठीवर तेव्हा १० होता. कसोटी क्रिकेटने आणखी वीस वर्षं दम धरला. १ ऑगस्ट २०१९ रोजी एजबॅस्टनवर इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटीत पांढऱ्या शर्टांवर नंबर दिसले आणि अ‍ॅडम गिलख्रिस्ट, ब्रेट ली यांच्यासारख्यांनी उघड नाराजी दाखवली. भारताचे नंबर त्याच महिन्यात २२ तारखेला अँटिग्वात आले. त्या कसोटीत डोंबिवलीच्या लाल मातीतून वर आलेल्या अजिंक्य रहाणेने ८१ आणि १०२ केले.

मला स्वतःला कसोटीचा नंबर खटकत नाही. लांबून बघणाऱ्याला खेळाडू कळावा, ही मागणी पांढऱ्या कपड्यांतही तितकीच रास्त आहे.

नंबर एकदा माणसाला चिकटला की तो किती घट्ट बसतो, याचा सगळ्यात बोलका दाखला बोरिवलीतून येतो. स्वामी विवेकानंद शाळेत दिनेश लाड यांच्या हाताखाली घडलेले दोन खेळाडू भारताकडून खेळले. रोहित शर्माने ४५ स्वतःचा करून टाकला. दुसरा पालघरहून येणारा शार्दूल ठाकूर. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबोला तो पहिला एकदिवसीय सामना खेळला तेव्हा त्याच्या पाठीवर १० होता. लोक खवळले. तेंडुलकर निवृत्त होऊन चार वर्षं होत आली होती, पण १० अजून त्याच्याच अंगावर होता असं लोकांना वाटत होतं. शार्दूलने पुढे ५४ घेतला आणि १० नंबर भारतीय संघात कुणाला दिला जात नाही, तो तेव्हापासूनच. एका पोराने एक शर्ट घातला, त्याची गोलंदाजी कशी पडली याची चर्चा कमी आणि पाठीची जास्त.

अंधेरीचंही एक उदाहरण द्यायलाच हवं. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात इंटरकॉन्टिनेंटल कप फुटबॉल झाला. भारताने पहिल्या सामन्यात चायनीज तैपेईला ५-० हरवलं, ११ नंबरवाल्या सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि बघायला होते जेमतेम अडीच हजार लोक. छेत्रीने २ जूनला मोबाइलवर व्हिडिओ काढून लोकांना साकडं घातलं: आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात या, अशा अर्थाचं. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. भर पावसात मैदान गच्च भरलं. वीरा देसाई रोडच्या बाजूने आत शिरणाऱ्या गर्दीत निळ्या पाठींवर ११ च ११. आणि भांडुपमध्ये जन्मलेली जेमिमा रॉड्रिग्ज. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नाबाद १२७ करणारी तिची ५ नंबरची पाठ आता मुलींच्या अंगावर दिसते. आमच्या लहानपणी मुलीने क्रिकेटचा शर्ट मागितला असता तर घरात काय उत्तर मिळालं असतं ते मला माहीत आहे.

हे झाले मोठ्या मैदानांतले नंबर. उपनगरांत मात्र नंबर पोचला तो कबड्डीतून. कबड्डीचे नियम खेळाडूचा पोशाखच ‘बनियन आणि हाफ पँट’ असा सांगतात, आणि त्या बनियनवर नंबर लागतो: पुढे कमीत कमी चार इंच, मागे कमीत कमी सहा इंच. इथे नंबर प्रेक्षकापेक्षा पंचाला आणि गुणलेखकाला जास्त हवा असतो. मैदानात सात, यादीत बारा. चढाईत एका झटापटीत दोघे-तिघे बाद होतात, बाहेर जाऊन बसतात; परत आत येताना आधी बाद झालेला आधी येतो. हा क्रम ठेवायचा तर नावं पुरत नाहीत. धूळ उडालेली, सगळे एकमेकांवर पडलेले, आणि पंचाला दोन सेकंदांत सांगायचंय कोण गेलं. तेव्हा तो नंबर पुकारतो. २०१४ च्या २६ जुलैला वरळीच्या एनएससीआयमध्ये यू मुंबा विरुद्ध जयपूर या सामन्याने प्रो कबड्डी सुरू झाली आणि तो नंबर टीव्हीवर झळकला; पण त्याच्या कितीतरी आधी घाटकोपर, जोगेश्वरी, कांजूरच्या मंडळांत तो रंगवला जात होता.

रंगवला जात होता, हे मी शब्दशः म्हणतोय. मंडळाकडे पैसे कमी. बनियन बाजारातून घाऊक आणायचे आणि नंबर टाकायचे ते कोपऱ्यावरच्या पेंटरकडून. जो पेंटर वाण्याच्या दुकानाची पाटी, टेम्पोची नंबरप्लेट, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार आणि सार्वजनिक गणपतीचा फलक रंगवायचा, तोच हे काम करायचा. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर ब्लेडने अंक कापून त्याची स्टेन्सिल. बनियनच्या आत जाड पुठ्ठा सरकवायचा, म्हणजे रंग पुढच्या बाजूला उतरत नाही. स्पंजने किंवा तोकड्या ब्रशने रंग ठोकायचा, ओढायचा नाही. ओढला की स्टेन्सिलच्या कडेखाली शिरतो. सहा, आठ, नऊ, शून्य यांच्या पोटातला गोल स्टेन्सिलमधून सुटून पडतो, म्हणून तो बारीक पट्ट्यांनी जोडलेला ठेवायचा आणि नंतर त्या पट्ट्यांच्या जागा ब्रशने भरायच्या. चांगला पेंटर त्या भरलेल्या जागा ओळखू देत नसे. ऑइल पेंट वापरला तर नंबर पापडासारखा कडक व्हायचा, घामाने आणि धुण्याने तडकायचा, आणि नव्या बनियनला टर्पेंटाइनचा वास यायचा. तरी पोरं तो उघड्या अंगावर चढवून कडक इस्त्रीच्या शर्टासारखी मिरवायची.

मग कापडाचे रंग आले, आणि इथे आपल्या उपनगराचा वाटा मोठा आहे. १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईच्या पावडरीपासून सुरू केलेली कॅम्लिन पुढे चित्रकलेच्या रंगांकडे वळली. तिचं बस्तान अनेक वर्षं अंधेरी पूर्वेला होतं. फेव्हिकॉलवाल्या पिडिलाइटचं मुख्य कामकाजही अंधेरीतच, रामकृष्ण मंदिर रस्त्यावर. त्यांचे फेव्हिक्रिल रंग घरोघरी साड्या-कुर्त्यांवर चढले. या अ‍ॅक्रिलिक रंगांत पाणी चालतं, वाळल्यावर ते वाकतात, धुतले तरी निघत नाहीत. ज्या गुणांमुळे ते कबड्डीच्या बनियनवर टिकले, त्याच गुणांमुळे ते आज प्लास्टिकच्या सव्वा इंची खेळाडूवरही बसतात. महागडे परदेशी रंग आणणारे आणोत; स्टेशनसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातली छोटी बाटली या कामाला पुरते, फक्त तिच्यातला रंग पातळ करून दोनदा-तीनदा द्यावा लागतो.

पेंटरच्या हातून शर्ट गेला तो फार गाजावाजा न होता. आधी स्क्रीन प्रिंटिंग, मग गरम इस्त्रीने चिकटवायचे विनाइलचे नंबर, आणि मग सब्लिमेशन. या शेवटच्या पद्धतीत नंबर आधी कागदावर छापतात आणि २०० अंशांच्या आसपास तापलेल्या यंत्रात तो कागद पॉलिएस्टरवर दाबतात. शाईची वाफ होऊन ती धाग्यातच शिरते. नंबराला जाडीच उरत नाही, बोट फिरवलं तर लागत नाही. आज टेनिस बॉलच्या कुठल्याही गल्ली स्पर्धेत सोळा जणांच्या संघाला नाव, नंबर, प्रायोजक आणि नगरसेवकाच्या फोटोसकट जर्सी दोन दिवसांत मिळतात. पेंटरचं बाकीचं कामही गेलं. पाट्या फ्लेक्सने घेतल्या, आणि एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच ठसा उठवलेली नंबरप्लेट सक्तीची झाल्यावर एमएच ०२, एमएच ०३, एमएच ४७ लिहिणारा हातही थांबला. वेसाव्याच्या होड्यांवर नोंदणीचे लांबलचक नंबर अजून ब्रशने लिहिलेले दिसतात, ते बघून बरं वाटतं.

मला सांगायचंय ते हेच: शर्टावरून पुसला गेलेला हा हातचा नंबर पूर्ण संपला नाही. तो लहान झाला आणि टेबलावर जाऊन बसला.

टेबलावरच्या खेळाडूंची परंपरा इंग्लंडची. पीटर अ‍ॅडॉल्फने १९४७ मध्ये सबुटिओ बाजारात आणलं. बोटाच्या टिचकीने खेळायचं फुटबॉल, खाली डुगडुगणारा अर्धगोल पाया आणि वर खेळाडू. सुरुवातीला खेळाडू पुठ्ठ्याचे होते, पुढे प्लास्टिकचे झाले, आणि ते रंगवायला आजूबाजूच्या गावांतल्या बायका घरी घेऊन जायच्या. पापड-लोणच्यांची कामं आपल्याकडे जशी घरोघर वाटली जात, तशी ही संघांची पेटी. दुसरा धागा १९८६ चा: गेम्स वर्कशॉपसाठी जर्विस जॉन्सनने ‘ब्लड बोल’ रचला. त्यात राक्षस, बुटके आणि वनदेवतांसारखे एल्फ मारामारीचं फुटबॉल खेळतात. या खेळात नंबर ही चैन नाही. संघात अकरापासून सोळापर्यंत खेळाडू, प्रत्येकाच्या अंगी सामन्यागणिक वेगळं कसब जमत जातं, आणि ते कागदावर नंबरापुढे लिहिलेलं असतं. एकसारखे दिसणारे चार खेळाडू समोर उभे असताना त्यातला कोण तरबेज आणि कोण जखमी, हे नंबर पाहिल्याशिवाय खेळणाऱ्या दोघांनाही कळत नाही. नंबर गबाळा असला, ६ की ८ असा प्रश्न पडला, तर वाद होतो. गंजिफाचं नववं पान आणि हा नंबर यांत मला फरक दिसत नाही.

आता प्रत्यक्ष काम. मापाचा हिशेब आधी करू. साडेपाच फुटी माणसाच्या पाठीवर सहा इंची नंबर म्हणजे उंचीचा अकरावा भाग. खेळाडू ३२ मिलिमीटरचा असेल तर नंबर येतो तीन मिलिमीटरचा. रेघ अर्ध्या मिलिमीटरची. एवढ्या जागेत दोन अंक.

पहिली गोष्ट, ब्रश. लोक सगळ्यात बारीक, तीन शून्यांचा ब्रश शोधत फिरतात आणि फसतात. त्याच्या पोटात रंगच मावत नाही; टोक पाठीवर टेकेपर्यंत वाळून जातं, विशेषतः मे महिन्याच्या पंख्याखाली. त्यापेक्षा शून्य किंवा एक नंबरचा, भरल्या पोटाचा पण टोकदार ब्रश घ्यावा. रंग दुधाइतका पातळ. ब्रश भरला की आधी अंगठ्याच्या नखावर एक रेघ मारून बघायची, जास्तीचा रंग तिथे उतरतो.

पाठीचा मध्य ठरवायला मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत अगदी फिकट उभी रेघ. एक अंकी नंबर तिच्यावर बसतो, दोन अंकी नंबरासाठी ती रेघ म्हणजे मधली फट. इथे चूक झाली तर पुढचं सगळं काम वाया जातं, कारण माणसाचा डोळा बारीक थरथर माफ करतो, तिरपा नंबर नाही. मग अंकाचा सांगाडा सरळ रेघांत काढायचा, कॅल्क्युलेटरवर दिसतो तसा चौकोनी. गोलाई काढायच्या भानगडीत पडायचंच नाही.

गोलाई येते ती दुसऱ्या रंगाने. या कामाचं मर्म इथे आहे. पांढरा वाळला की जर्सीचा निळा घ्यायचा आणि बाहेरून कोपरे खात आत यायचं. जाड रेघ बाजूंनी निळ्याने कापत बारीक करायची. इंग्रजी आठ काढायचा तर पांढऱ्याचे दोन ठिपके एकावर एक द्यायचे, वरचा किंचित लहान. वाळले की प्रत्येकाच्या पोटात निळ्याचं टोक टेकवायचं, दाबायचं नाही. आठ तयार. नऊ आणि सहा त्यातूनच निघतात. म्हणजे नंबर पांढऱ्याने निम्मा होतो आणि निम्मा निळ्याने. पाट्यांचे पेंटर हेच करायचे: अक्षर भरून झालं की मागच्या रंगाचा ब्रश घेऊन कड साफ करायचे, तोवर अक्षर नुसतं बरं दिसायचं, त्यानंतर देखणं. स्टेन्सिलमधल्या आठाच्या पोटासाठी पट्ट्या ठेवणारा माणूस आणि ठिपक्यात निळं टोक टेकवणारा माणूस एकाच अडचणीशी झगडत असतात.

दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून धरली की हात हलत नाही. मधूनमधून मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघावा. डोळ्याला न दिसलेली कड तिथे दिसते. शेवटी चमक नसलेलं वॉर्निश, नाहीतर खेळताना बोटांच्या घामाने पांढरा पिवळट पडतो. पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील नंबर मिळतात, सपाट पाठीवर छान बसतात. खांदे वळलेल्या, धावत्या खेळाडूच्या पाठीवर मात्र त्यांना सुरकुत्या पडतात, आणि तिथे ब्रशला पर्याय नाही.

देवनागरी अंक हा माझा आग्रह आहे. जर्सीवर मंडळाचं नाव मराठीत असतं आणि नंबर इंग्रजीत, ही रीत पडून गेलीय. पण टेबलावरचा संघ आपला असतो, तिथे कुणाचा नियम आडवा येत नाही. ४५ देवनागरीत काढायला कठीण आहे हे खरं. चारची खालची गाठ तीन मिलिमीटरमध्ये बुजते, म्हणून ती आधी ठिपका म्हणून द्यावी आणि वरचे दोन पाय नंतर ओढावेत. पाचाला शेपूट लांब ठेवलं तरच तो लांबून पाच वाटतो. ७ आणि ९ मात्र इतके डौलदार उतरतात की एकदा काढलेत तर इंग्रजी सातकडे वळणार नाही. बेस्टच्या बसच्या कपाळावरचे मराठी अंक वाचत वाढलेल्या माणसाला ते परके वाटायचं कारण नाही.

आणि वाचकांना एक विनंती. उपनगरांतल्या मंडळांच्या कपाटांत, ट्रंकांत, माळ्यावरच्या बोचक्यांत ब्रशने किंवा स्टेन्सिलने नंबर टाकलेले जुने बनियन अजून पडून असतील. ते पोतेरं करू नका, बोहारणीला देऊ नका. पाठीचा सरळ समोरून एक फोटो काढा. मंडळाचं नाव, वर्ष, तो बनियन कुणी घातला होता आणि नंबर कोणत्या पेंटरने टाकला होता, हे आठवत असेल तेवढं चिठ्ठीवर लिहून बनियनला टाचून ठेवा. पेंटर हयात असेल तर त्याला गाठून त्याच्या स्टेन्सिल मागून घ्या. हे नंबर ज्यांनी रंगवले त्यांची नावं कुठल्याच स्कोअरबुकात नाहीत.